वैद्यकीय प्रवेशापलीकडचे जीवशास्त्र



ज्या घरातील मुलाने वा मुलीने बारावीला जीवशास्त्र घेतलेले असते, त्या घरात जून महिना मोठ्या कसोटीचा ठरतो. वैद्यकीय प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या ‘नीट’ परीक्षेचा निकाल सामान्यतः याच महिन्यात जाहीर होतो. २०२५ साली देशभरातून सुमारे २२ लाख विद्यार्थी या परीक्षेस बसले. एम. बी. बी. एस. अभ्यासक्रमाच्या देशातील एकूण जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास होत्या आणि सामान्य कुटुंबाला शुल्क परवडेल अशा शासकीय महाविद्यालयांतील जागा त्यांच्या साधारण निम्म्याच. एका जागेमागे सतरा-अठरा उमेदवार असे हे प्रमाण पडते. दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी आदी अभ्यासक्रमांत आणखी काही विद्यार्थी सामावले जातात हे खरे. तथापि बहुसंख्य मुलांच्या वाट्याला नकारच येतो.

हे प्रमाण प्रारंभीच सांगण्याचे कारण असे की, प्रवेश न मिळणे हा येथे अपवाद नाही, तो नियम आहे. अंगी गुण असलेली, अभ्यासू मुलेही या गणितात मागे राहतात. तरीही घरात आणि गावात त्यांच्याकडे नापास झालेल्या मुलाच्या नजरेने पाहिले जाते. या परीक्षेला आज वयाची वरची मर्यादा नाही आणि प्रयत्नांच्या संख्येवरही बंधन नाही. त्यामुळे ‘पुढच्या वर्षी नक्की’ या आशेवर एकामागून एक वर्षे खर्ची पडतात. शिकवणीवर्गांचे शुल्क भरण्यासाठी कर्ज काढले जाते, धाकट्या भावंडांच्या शिक्षणाला कात्री लागते आणि मुलगी असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या अपयशानंतर शिक्षणाचा विषयच मिटवून तिच्या विवाहाची बोलणी सुरू होतात. ज्या मुलीला जीवसृष्टीची मनापासून गोडी होती तिचे जीवशास्त्र तेथेच संपते. हे नुकसान त्या कुटुंबाचे आहे, तितकेच ते समाजाचेही आहे.

दुसरी वाट नाही म्हणून हे नुकसान होते असे नव्हे. वाटा अनेक आहेत. परंतु त्यांची माहिती योग्य वेळी पोहोचत नाही. निकाल लागल्यानंतर जेव्हा घरचे लोक ‘आता काय?’ असे विचारू लागतात, तेव्हा त्यांपैकी बऱ्याच वाटांची दारे त्या वर्षापुरती बंद झालेली असतात. म्हणूनच या विषयाचा विचार निकालाच्या दिवशी नव्हे, तर अकरावीच्या वर्गात व्हावयास हवा.

खाडीच्या काठावरील विज्ञान

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला रुग्णालयाबाहेर कोणते काम आहे, हे समजून घेण्यासाठी मुंबई उपनगर जिल्ह्यातील गोराई हे गाव उत्तम उदाहरण ठरेल. बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत असूनही या गावाने आपले गावपण बऱ्याच अंशी टिकवले आहे. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस खाडी आणि खाडीपलीकडे बोरीवलीचे उंच इमल्यांचे उपनगर अशी त्याची रचना आहे. कोळी आणि ईस्ट इंडियन समाजाची येथे जुनी वस्ती आहे. मासेमारी आणि शेती ही गावाची परंपरागत उपजीविका होय. भाईंदर-उत्तनकडून येणारा रस्ता सोडला तर बोरीवलीस जाण्यासाठी होडीने खाडी ओलांडावी लागते. महाविद्यालयात जाणारी गावातील मुले ज्या पाण्यावरून प्रवास करतात, त्या पाण्यात आणि त्याच्या दोन्ही तीरांवर जीवशास्त्राची किमान तीन मोठी क्षेत्रे पसरलेली आहेत.

पहिले क्षेत्र कांदळवनाचे. भरतीच्या खाऱ्या पाण्यात उभी राहणारी ही झाडे वनस्पतिशास्त्राचा चमत्कारच म्हटली पाहिजेत. तिवराच्या पानांवरील ग्रंथी अंगातील जादा मीठ बाहेर टाकतात. चिखलात प्राणवायू मिळत नाही म्हणून त्याची श्वसनमुळे जमिनीतून वर डोकावतात. कांदळाचे बीज तर झाडावर असतानाच अंकुरते. ही वने भरतीच्या लाटांचा आघात सोसतात आणि अनेक जातींच्या मासळीची व कोळंबीची पिल्ले त्यांच्याच आश्रयाने वाढतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवनाच्या तोडीस प्रतिबंध करणारा आदेश दिला आणि २०१८ साली त्यासंबंधी अंतिम निर्णय दिला. राज्याच्या वन विभागाने २०१२ साली स्वतंत्र कांदळवन कक्ष उभारला. २०२० साली पांढरी चिप्पी या जातीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान मिळाला.

न्यायालयाचा आदेश झाला, कक्ष स्थापन झाला, तरी प्रत्यक्ष काम कोणी करावयाचे हा प्रश्न उरतोच. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून वनाची सीमा आखणे, कोणत्या चिखलात कोणती जात रुजेल हे ठरवणे, रोपवाटिका चालवणे, लावलेली रोपे किती जगली याची मोजदाद करणे ही सर्व कामे वनस्पतिशास्त्र, पर्यावरणशास्त्र आणि वनशास्त्र शिकलेल्यांची आहेत. किनारपट्टीवरील गावांसाठी राज्याने २०१७ साली सुरू केलेल्या कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेत खेकडापालन, शिंपल्यांची शेती, पिंजऱ्यातील मत्स्यपालन आणि शोभिवंत माशांचे संगोपन अशा व्यवसायांचा समावेश आहे. असा व्यवसाय उभा करणाऱ्या बचतगटाला सुरुवातीच्या काळात जीवशास्त्र जाणणाऱ्या मार्गदर्शकाची नितांत गरज असते.

दुसरे क्षेत्र मासळीचे. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली पापलेटला राज्य माशाचा दर्जा दिला. त्याच वर्षी ५४ व्यापारी जातींसाठी पकडावयाच्या मासळीची किमान लांबी ठरवून देण्यात आली. त्याहून लहान मासळी धरण्यास मनाई झाली. हा नियम कागदावर एका आकड्याचा दिसतो. परंतु तो आकडा काढण्यासाठी कोणीतरी बंदरावर जाऊन शेकडो मासे मोजलेले असतात, त्यांची अंडाशये तपासलेली असतात आणि कोणत्या लांबीला मादी प्रथमच अंडी घालण्याजोगी होते, हे निश्चित केलेले असते. हे प्राणिशास्त्र आहे. एका हंगामात लहान पापलेट जाळ्यात सापडत राहिले तर पुढच्या हंगामात मोठे पापलेट कोठून येणार, हे कोळी बांधवांना अनुभवाने ठाऊक आहे. शास्त्रज्ञाचे काम त्या अनुभवाला मोजमापाचा आधार देण्याचे आहे. कोळीवाड्यातील मुलगी मत्स्यविज्ञान शिकली तर या दोन्ही गोष्टी तिच्या ठायी एकत्र येतात, हा लाभ अन्य कोणास सहजासहजी मिळणारा नाही.

तिसरे क्षेत्र अनेकांच्या ध्यानीही येणार नाही. गोराई खाडीच्या बोरीवलीकडील काठावर महानगरपालिकेची कचराभूमी होती. १९७२ पासून तेथे शहराचा कचरा टाकला जात असे. २००७ साली ती बंद करण्यात आली आणि त्यानंतर शास्त्रीय पद्धतीने तिची आच्छादनाची कामे झाली. कचऱ्याच्या ढिगात प्राणवायूविना जगणारे सूक्ष्मजीव वाढतात आणि ते मिथेन वायू तयार करतात. हा वायू तसाच वातावरणात गेला तर तापमानवाढीस हातभार लावतो. साठून राहिला तर पेट घेण्याचा धोका असतो. म्हणून तो गोळा करून जाळण्याची व्यवस्था येथे करण्यात आली. कचऱ्यातून झिरपणारे पाणी खाडीत जाऊ नये याची दक्षता घ्यावी लागते. कचरा म्हणजे सफाई खात्याचा विषय असे सर्वसाधारणपणे समजले जाते. वस्तुतः त्याच्या गाभ्याशी सूक्ष्मजीवशास्त्र आहे.

खाडी ओलांडून बोरीवलीस गेले की पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान लागते. एवढ्या दाट वस्तीला लागून बिबट्या नांदतो असे स्थळ जगात विरळाच. बिबट्यांची गणना, त्यांच्या हालचालींचा अभ्यास, जखमी प्राण्यांवरील उपचार आणि वस्तीतील लोकांचे प्रबोधन यांसाठी वन्यजीवशास्त्रज्ञ लागतात, तसेच पशुवैद्यही लागतात. गोराईच्या आसपासच्या काही किलोमीटरांत जर एवढे काम असेल, तर कोकण, सह्याद्री, मराठवाडा आणि विदर्भ यांच्या विस्तीर्ण प्रदेशात ते किती असेल, याची कल्पना सहज यावी.

वैद्यकीय पदवी नसलेला लसकर्ता

वैद्यकीय पदवी नाही म्हणजे मनुष्याच्या आरोग्याची सेवा करण्याची संधी गेली, असा एक समज मुलांच्या मनात घर करून असतो. या समजाला मुंबईच्याच इतिहासाने उत्तर दिले आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. लोक शहर सोडून जाऊ लागले. त्या वेळी शासनाने वाल्डेमार हाफकिन यांना पाचारण केले. १८६० साली ओडेसा येथे जन्मलेले हाफकिन हे शिक्षणाने प्राणिशास्त्रज्ञ होते. वैद्यकाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करून त्यांनी पटकीवरील लस तयार केली होती. मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील लहानशा जागेत त्यांनी प्लेगवरील लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली परळ येथे प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते.

असेच कार्य पुढे अनेक संस्थांतून झाले. पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांनाही ताप येऊ लागला, तेव्हा या आजाराचा विषाणू शोधण्यात आणि तो गोचिडांमार्फत पसरतो हे दाखवून देण्यात या संस्थेचा वाटा मोठा होता. हाच माकडताप २०१६ साली सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यात आला. रुग्णावर उपचार डॉक्टर करतात. परंतु कोणत्या रानात कोणत्या जातीचे गोचीड आहेत, त्यांत विषाणू आहे किंवा नाही, कोणत्या महिन्यात धोका वाढतो, हे शोधणारा माणूस कीटकशास्त्रज्ञ असतो. डासांमुळे पसरणाऱ्या हिवताप आणि डेंग्यूच्या बाबतीतही हेच खरे आहे. डॉक्टरांच्या हाती पडणारा प्रत्येक तपासणी-अहवाल, प्रत्येक लस आणि प्रत्येक औषध यांच्या पाठीशी जीवशास्त्राच्या पदवीधरांचे परिश्रम असतात.

डॉ. कमल रणदिवे यांचा आदर्श

मराठी विद्यार्थ्यांना, विशेषतः मुलींना, या संदर्भात आवर्जून सांगावे असे चरित्र डॉ. कमल रणदिवे यांचे आहे. त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. त्यांचे वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलीने वैद्यक शिकावे अशी वडिलांची इच्छा होती. कमलताईंनी मात्र वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे विषय घेऊन फर्ग्युसनमधूनच पदवी संपादन केली. त्यानंतर पुण्याच्या कृषी महाविद्यालयात त्यांनी सीताफळ-रामफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास करून १९४३ साली एम. एस्सी. पदवी मिळवली.

सीताफळाच्या पेशींपासून सुरू झालेली ही वाट त्यांना कर्करोगाच्या संशोधनाकडे घेऊन गेली. विवाहानंतर त्या मुंबईस आल्या, टाटा स्मारक रुग्णालयात काम करू लागल्या आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळवली. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकून त्या परत आल्या आणि मुंबईत त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. भारतातील अशा प्रकारची ती पहिली प्रयोगशाळा मानली जाते. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांच्याशी असलेला संबंध त्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून तपासला. १९६६ ते १९७० या काळात भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची धुरा त्यांनी वाहिली. १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. १९८२ साली त्यांना पद्मभूषण सन्मान प्राप्त झाला.

डॉ. रणदिवे यांचा प्रवेश हुकला नव्हता. त्यांनी ही वाट स्वेच्छेने निवडली होती, हा भेद येथे मुद्दाम नोंदवला पाहिजे. परंतु त्यामुळेच त्यांचे उदाहरण अधिक मोलाचे ठरते. ज्या वाटेकडे आज पालक नाइलाजाची वाट म्हणून पाहतात, ती एका कर्तबगार स्त्रीने आपली पहिली पसंती म्हणून धरली होती आणि त्या वाटेने जाऊन तिने रुग्णांचीच सेवा केली.

वाटा आणि त्यांची दारे

आता प्रत्यक्ष अभ्यासक्रमांकडे वळू. पशुवैद्यक पदवीचे प्रवेश नीटच्या गुणांवरच दिले जातात. म्हणजे ज्यांना एम. बी. बी. एस. मिळाले नाही त्यांचेही गुण येथे उपयोगी पडतात. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचे आहे आणि आज ते नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी निगडित आहे. दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन आणि पशुसंवर्धन यांवर ज्या राज्यातील लक्षावधी कुटुंबे विसंबून आहेत, तेथे पशुधन विकास अधिकाऱ्याचे स्थान गावाला नव्याने सांगण्याची गरज नाही.

मत्स्यविज्ञानाची पदवी देणारे महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगाव येथे १९८१ पासून आहे. त्यापुढील पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन यांसाठी वर्सोवा येथे केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. १९६१ साली स्थापन झालेल्या या संस्थेला १९८९ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. वर्सोवा हे गोराईच्याच किनारपट्टीवर दक्षिणेस आहे. देशभरातील विद्यार्थी जी संस्था गाठण्यासाठी दूरदूरहून येतात, ती जवळ असूनही किनाऱ्यावरील अनेक मुलांना ठाऊक नसते. वनशास्त्राची पदवी दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठात मिळते. कृषी पदवीची महाविद्यालये तर राज्याच्या सर्व विभागांत आहेत.

आरोग्यसेवेतच राहण्याची इच्छा असणाऱ्यांसाठी औषधनिर्माणशास्त्र, परिचर्या, भौतिकोपचार, वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञान, क्ष-किरण तंत्रज्ञान, नेत्रपरीक्षण आणि आहारशास्त्र हे अभ्यासक्रम आहेत. त्यांपैकी तंत्रज्ञान, भौतिकोपचार आदी व्यवसायांसाठी संसदेने २०२१ साली स्वतंत्र कायदा करून राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली. त्यामुळे आजवर दुय्यम समजल्या गेलेल्या या व्यवसायांना मान्यतेची आणि नोंदणीची चौकट लाभत आहे.

संशोधनाची ओढ असणाऱ्यांसाठी पुण्याची भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था २००६ साली सुरू झाली. तिची स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते. मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरातील मूलभूत विज्ञान उत्कृष्टता केंद्रातही पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आहे. याखेरीज सर्वसाधारण महाविद्यालयांतून सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र यांची बी. एस्सी. पदवी घेता येते. गुन्ह्यांच्या तपासातील रक्त, केस आणि अन्य जैविक पुरावे तपासण्याचे शास्त्र शिकवणारी शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था मुंबईत २००९ साली स्थापन झाली. भारतीय वनसेवेच्या परीक्षेसाठी प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा पशुवैद्यक यांची पदवी चालते.

या सर्वांत वेळेचे भान फार महत्त्वाचे आहे. कृषी, औषधनिर्माण आदी अभ्यासक्रमांसाठीच्या राज्य सामाईक प्रवेश परीक्षेचे अर्ज सामान्यतः वर्षाच्या प्रारंभीच भरून घेतले जातात आणि परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत होते. परिचर्या पदवीची परीक्षा वेगळी असते. विज्ञान संशोधन संस्थांच्या परीक्षेच्या अर्जाची मुदतही नीटचा निकाल लागण्यापूर्वी संपते. अशा वेळी ज्याने केवळ नीटचाच अर्ज भरला, त्याच्यापुढे जून महिन्यात फारच थोडे पर्याय शिल्लक राहतात. दुसरी गोष्ट गणिताची. ‘डॉक्टर व्हायचे आहे, गणित कशाला?’ असे म्हणून अकरावीला गणित सोडले जाते. औषधनिर्माण आणि कृषी यांच्या प्रवेशासाठी त्यावाचून अडत नाही. परंतु विज्ञान संशोधन संस्थांच्या प्रवेश परीक्षेत जीवशास्त्राइतकेच प्रश्न गणितावर असतात. शिवाय आजचे जीवशास्त्र जनुकांच्या माहितीचे आणि संख्याशास्त्राचे झाले आहे. झेपत असेल त्या विद्यार्थ्याने गणित ठेवणेच हिताचे.

सावधगिरीचे चार शब्द

पर्यायी वाटांचे केवळ गुणगान करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नुसत्या बी. एस्सी. पदवीवर चांगली नोकरी मिळणे आज कठीण आहे. जीवशास्त्रातील बहुतेक वाटांवर एम. एस्सी. वा एखादे विशेष प्रशिक्षण घ्यावे लागते आणि संशोधनात स्थिरावण्यास आणखी काही वर्षे लागतात. ज्या कुटुंबाला तीन-चार वर्षांत मिळवता हात हवा आहे, त्याने प्रयोगशाळा तंत्रज्ञान, परिचर्या किंवा औषधनिर्माण यांचा विचार आधी करावा. जे कुटुंब थोडे अधिक थांबू शकते, त्याने मूलभूत विज्ञानाचा विचार अवश्य करावा. दोन्ही निर्णय सारखेच प्रतिष्ठेचे आहेत.

निराश झालेल्या पालकांची दिशाभूल होण्याचा धोकाही मोठा असतो. आकर्षक नावाचे, परंतु कोणत्याही मान्यतेवाचून चालणारे अभ्यासक्रम जागोजागी आढळतात. शुल्क भरण्यापूर्वी ती संस्था कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे आणि त्या व्यवसायाच्या परिषदेची तिला मान्यता आहे काय, हे लेखी पाहून घेतले पाहिजे. पशुवैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या या प्रत्येकासाठी अशी स्वतंत्र परिषद आहे.

नीटचा दुसरा प्रयत्न करणे गैर आहे असे मुळीच नाही. पहिल्या प्रयत्नात थोडक्यात हुकलेल्या विद्यार्थ्याला दुसरी संधी मिळालीच पाहिजे. मात्र प्रयत्न किती करावयाचे, हे निकालाच्या आधी, घरातील सर्वांनी एकत्र बसून ठरवावे. आणि दुसऱ्या प्रयत्नाच्या वर्षी अन्य एखाद्या अभ्यासक्रमाचा अर्जही भरून ठेवावा.

शाळा, पंचायत आणि शासकीय कार्यालये

या कार्यात ज्यांचा शब्द मानला जातो अशी माणसे म्हणजे शिक्षक. दरवर्षी डिसेंबरमध्ये बारावीच्या वर्गात सर्व प्रवेश परीक्षांची नावे, अर्जांच्या मुदती आणि शुल्क यांचा एक तक्ता फळ्याशेजारी लावला गेला, तर त्याचा उपयोग कोणत्याही भाषणाहून अधिक होईल. मुदती दरवर्षी बदलतात, म्हणून तक्ता त्या वर्षीच्या अधिकृत माहितीपुस्तिकेवरूनच करावा. विज्ञान मंडळाची सहल एखाद्या मत्स्यबीज केंद्रावर, कांदळवन रोपवाटिकेवर, जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात नेता येईल. जे काम डोळ्यांनी पाहिले त्याचीच इच्छा मनात धरता येते.

पंचायतींच्या हाती तर एक कायदेशीर साधनच आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची आहे आणि गावातील वनस्पती, प्राणी, पिकांचे वाण आणि पारंपरिक ज्ञान यांची लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. अनेक ठिकाणी ही नोंदवही एकदा भरून कपाटात बंद होते. ती अद्ययावत ठेवण्याचे काम गावातील जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडे सोपवले, तर पंचायतीचे काम होईल आणि मुलांना आपल्या विषयाचा प्रत्यक्ष उपयोग कळेल. विहिरी आणि नळ योजनांच्या पाण्याची जैविक तपासणी, घनकचऱ्यापासून खत करणे, डासोत्पत्तीची स्थाने शोधणे ही कामेही अशीच आहेत.

शासकीय अधिकाऱ्यांनी शिष्यवृत्तीची माहिती शेवटच्या घरापर्यंत नेली पाहिजे. राज्य शासनाने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्ग यांतील, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत दिली. कृषी, पशुसंवर्धन, दुग्धव्यवसाय आणि मत्स्यव्यवसाय विभागांचे व्यावसायिक अभ्यासक्रमही या निर्णयाच्या कक्षेत आहेत. शुल्काच्या भीतीने ज्या मुलीचे शिक्षण थांबणार होते, तिच्या घरी ही माहिती वेळेत पोहोचणे म्हणजे तिचे शिक्षण वाचणे होय. उत्पन्नाचा दाखला आणि जातीचे प्रमाणपत्र प्रवेशाच्या गर्दीत न धावता आधीच काढून ठेवण्यास तलाठी आणि ग्रामसेवक यांनी कुटुंबांना साहाय्य करावे.

एखाद्या गावाने आपल्या मुलांपैकी एक डॉक्टर झाला याचा अभिमान जरूर बाळगावा. त्याच गावाची दुसरी मुलगी जेव्हा खाडीतल्या मासळीची मोजणी करते, तिसरा मुलगा जेव्हा विहिरीच्या पाण्यातील जंतू शोधतो आणि चौथी जेव्हा आजारी गाईवर उपचार करते, तेव्हा त्यांचाही सत्कार त्याच चावडीवर, त्याच सन्मानाने व्हावा. पालकांच्या मनातील प्रतिष्ठेची कल्पना बदलण्याचा याहून सोपा उपाय नाही. येत्या अकरावीच्या वर्गापासून प्रत्येक शाळेने आणि प्रत्येक पंचायतीने या कामाला आरंभ केला, तर पुढील जून महिन्यांत ‘आता काय?’ हा प्रश्न विचारणाऱ्या घरांत त्याचे उत्तर आधीच तयार असेल.